चारशे अठ्ठेचाळिसावी चिठ्ठी

१

दुपारी दोन ते पाच आमच्या दाराची कडी वाजली तर मी उठत नसे. बसल्या जागेवरून ओरडत असे, "मास्तर भागाकारात हायेत, पाचनंतर या." बेगमपुऱ्यातल्या आमच्या गल्लीला त्याची सवय झाली होती. शेजारच्या सरूबाई तर आमच्याकडच्या पाहुण्यांना परस्पर वाटेला लावत, "येळ झाली त्यांच्या पूजेची."

मास्तर म्हणजे माझे यजमान, बद्रीनाथ. पैठणकडच्या शेतकऱ्याचं पोर. निजामाच्या अमलात उर्दूतून शिकलं आणि औरंगाबादेत गणिताचं मास्तर झालं. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाली, तेव्हा त्यांनी एका उन्हाळ्यात सगळं गणित मराठीत आणलं. पाढे मात्र आणता आले नाहीत. शेवटपर्यंत ते 'नौ अठ्ठे बहत्तर' असंच पुटपुटत, आणि पुटपुटताना उजव्या पायाचा अंगठा हलवत. अंगठा थांबला की उत्तर आलं, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मूळ संख्या शोधायला घेतल्या. माझं गणित चौथीपुढं गेलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी चिंचोके मांडून मला समजावलं. बारा चिंचोके दोनदोनच्या, तीनतीनच्या, चारचारच्या ओळींत निमूट बसतात. तेरा बसत नाहीत. कशाही ओळी करा, शेवटी काहीतरी उरतंच. अशी जी कुणालाच दाद देत नाही, ती मूळ संख्या.

"तुमच्यासारखी," मी म्हणाले.

"व्हय. अन् तिला अंत नाय. कितीबी मोठी घे, तिच्याहून मोठी असतीच."

हैदराबादच्या एका ग्रंथालयात त्यांनी अशा संख्यांचं जाडजूड छापील कोष्टक पाहिलं होतं. ते एक कोटी सहा हजारांच्या थोडं पुढं जाऊन संपत होतं. मास्तरांना तिथून पुढं जायचं होतं. परदेशात आता यंत्रं हजारो आकड्यांच्या मूळ संख्या शोधतात, असं वर्तमानपत्रात आलं होतं. मी ते दाखवलं तर म्हणाले, "यंत्राची यंत्राला. आपली आपल्याला."

रीत अशी. एक संख्या घ्यायची आणि तिला लहान मूळ संख्यांनी ओळीनं भागत जायचं, तीन हजार एकशे त्रेसष्टपर्यंत. त्याच्या पुढचा भाजक लागत नाही, कारण त्याला त्यानंच गुणलं तर आपली संख्या ओलांडली जाते. असे एकूण चारशे सत्तेचाळीस भाजक. मास्तर भागणार, भाजक आणि शेष मोठ्यानं सांगणार, मी जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूची चिठ्ठी घेऊन त्यावर लिहिणार आणि म्हणणार, "लिहिलं." ते ऐकल्याशिवाय मास्तर पुढं सरकत नसत. एका भाजकाला एक चिठ्ठी. मध्येच शेष शून्य आला की ती संख्या बाद. शेवटपर्यंत प्रत्येक वेळी काहीतरी उरलं, की दोन-तीन दिवसांनी एक मूळ संख्या हाती लागे.

पहिली सापडली तेव्हा त्यांनी गुलमंडीवरून पेढे आणले. सरूबाईंनी विचारलं, "आवडाला काय झालं?" आवडा आमची लेक, जालन्याला दिलेली.

"आवडाला नाय," मास्तर म्हणाले, "मलाच झालं."

एक सांगायचं राहिलं. शेष एक आला तर मास्तर 'एक' म्हणत नसत, 'बरकत' म्हणत. त्यांचे वडील खळ्यावर रास मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नसत. बरकत, दोन, तीन, असं मोजत. एक म्हटलं की धान्य एकटं पडतं, अशी समजूत. मीही चिठ्ठ्या तशाच मोजायला लागले.

२

त्रेसष्ट सालचा मार्गशीर्ष होता. संध्याकाळी मी भाकरी वाढत होते आणि मास्तर माझ्या हाताकडं बघत होते.

"आता कापत नाय," ते म्हणाले.

"काय?"

"हात. दुपारी लिहिताना कामून कापत होता? म्या विचारलं, थंडी वाजायली का. तर म्हणालीस, थंडी नाय, आनंद झालाय." हे सांगताना ते लाजले. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण लाजला की कानाची पाळी लाल व्हायची. "कसला आनंद झाला व्हता एवढा?"

त्या दुपारी मी अर्ध्यातून उठून ज्वारी दळायला गेले होते. गिरणीवर गर्दी होती, दीड तास मोडला. मास्तर तोवर एकटेच भागत बसले असतील, चिठ्ठ्या स्वतःच लिहिल्या असतील, असं मी धरून चालले होते.

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मास्तरांच्या छातीत अधूनमधून दुखे. घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यांना दगदग नको, दचकवूही नका. तेव्हापासून घरात भांडं पडलं तरी माझाच जीव आधी गोळा व्हायचा. माझं दुसरं मागणं काही नव्हतं. हा माणूस मला हवा होता, अंगठा हलवत, समोर बसलेला, आणखी पुष्कळ वर्षं.

जेवणं झाल्यावर मी दुपारच्या चिठ्ठ्या काढून पाहिल्या. सगळ्यांवर अक्षर माझं होतं. मी गिरणीवर असतानाच्या चिठ्ठ्यांवरही माझंच. तेवढ्या मात्र जराशा थरथरत्या हातानं लिहिलेल्या होत्या.

३

दुसऱ्या दिवशी ती संख्या पुरी झाली आणि मी चिठ्ठ्या मोजल्या. चारशे अठ्ठेचाळीस भरल्या.

आधी वाटलं, पहिल्या चिठ्ठीला बरकत म्हटलं आणि तिलाच पुन्हा दोन धरलं की काय. ही चूक माझ्या हातून पूर्वीही झाली होती आणि मास्तर पोट धरून हसले होते. म्हणून या वेळी देवासमोर बसून, सावकाश, एकएक चिठ्ठी डावीकडून उजवीकडं ठेवत मोजली. अठ्ठेचाळीसच.

जास्तीची चिठ्ठी शेवटी सापडली. तिच्यावर भाजक लिहिला होता, ३१६७. शेषाची जागा कोरी होती. अक्षर माझं, थरथरतं.

मी ती मास्तरांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ही मूळ संख्या हाये खरी. पण हिची गरज आत्ता कुठं? एक कोटी एकोणतीस हजारांच्या पल्याड गेल्यावर लागंल ही. चौदा-पंधरा वर्षांचं काम हाये ते." मग माझ्याकडं बघून हसले. "लई घाई झाली व्हय तुला?"

"चुकून लिहिली असंल," मी म्हणाले. तीन हजार एकशे सदुसष्ट ही मूळ संख्या आहे हे मला तोवर माहीतही नव्हतं. ती चिठ्ठी मी हळदकुंकवाच्या डब्यात तळाशी ठेवली आणि वरून झाकण घट्ट लावलं.

४

आमच्या गल्लीच्या टोकाला जुन्या नहरीचा, म्हणजे जमिनीखालून येणाऱ्या पाटाचा, हौद होता. तिथून एक खापरी नळ आमच्या भिंतीखालून पुढं जाई. पाणी सुटलं की भिंतीतून कुणी दबक्या आवाजात बोलल्यासारखं ऐकू येई. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मी त्याला भ्यायची आणि मास्तर मला चिडवायचे. हे मुद्दाम सांगते, कारण ती चिठ्ठी सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी घागर घेऊन अंगणात शिरले आणि आतून "लिहिलं" असं ऐकू आलं, तेव्हा पहिल्यांदा मी नळाचाच विचार केला.

घागर खाली ठेवली. पाणी बंद होतं. भिंत गप्प होती.

"तीनशे अकरा," मास्तरांचा आवाज आला. "शेष चाळीस."

"लिहिलं."

मधल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. मी चौकट धरून आत पाहिलं. भर उन्हातून आत आलं की डोळ्यांपुढं अंधारी येते, तशी मलाही आली होती. एवढं एक कारण मी आजवर स्वतःला देत आले.

मास्तर नेहमीच्या जागी बसले होते. अंगावर त्यांची चॉकलेटी शाल. तिचा कोपरा शेगडीच्या ठिणगीनं जळाला होता आणि चॉकलेटी दोरा मिळाला नाही म्हणून मी तो हिरव्या दोऱ्यानं रफू केला होता. त्यांच्या समोर, माझ्या पाटावर, एक म्हातारी बसली होती. केस पांढरे. मनगटं रिकामी. तिच्याही अंगावर चॉकलेटी शाल होती, विटलेली, आणि तिच्या कोपऱ्याला हिरवा दोरा होता.

तिनं पेन्सिल पहिल्या आणि मधल्या बोटात धरली होती. मला कुणी नीट शिकवलं नाही म्हणून मीही तशीच धरते. आमच्या गल्लीत दुसरं कुणी तशी धरत नाही.

चौकटीवर माझा हात घसरला आणि बांगड्या वाजल्या. तिची पेन्सिल थांबली. तिनं ऐकलं होतं. पण तिनं मान वर केली नाही.

मी पळाले. अनवाणी हौदापर्यंत गेले आणि तिथंच कठड्यावर बसून राहिले. सरूबाई म्हणाल्या, "काय झालं गं मनकर्णे? भूत बघितलं का?" मी म्हणाले, पायात काटा मोडला. परत आले तेव्हा मास्तर एकटेच होते आणि माझा पाट रिकामा होता.

"आता हितं व्हतीस, कुठं गेलीस मधीच उठून?" ते म्हणाले.

५

मी शहाणपणा केला. निदान मला तो शहाणपणा वाटला. त्या म्हातारीच्या अंगावर मास्तरांची शाल होती आणि तिचे हात रिकामे होते. त्याचा अर्थ लावायला चौथीचं गणितही लागत नाही. मी मनाशी म्हटलं, शालच घरात राहिली नाही तर ती पांघरणार काय?

हर्सूलहून सायकलीवर दूध घालायला बन्सी येई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या हातात ती शाल ठेवली.

"मास्तरांची ना ही?" तो म्हणाला. "एवढी चांगली?"

"घे म्हणते ना. मागं आणू नको म्हणजे झालं."

मास्तरांनी दोन दिवस शाल शोधली. मग ओळखलं, पण रागावले नाहीत. त्यांना माझ्यावर रागावता येत नसे. शाळेतला सगळा राग शाळेतच वापरून संपला, असं म्हणत. मी नवी आणीन म्हणाले. आणायची राहिली, कारण मी त्यांना चिठ्ठ्या बंद करा म्हणून भांडत होते आणि ते ऐकत नव्हते.

"असं काय झालंय तुला?" त्यांनी शेवटी विचारलं.

मला रडू फुटलं. जे पाहिलं ते सांगवेना. एवढंच म्हणाले, "तुमच्यामागं मी काय करू?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "दोनातनं एक गेला तर काय उरतं?"

"एक."

"दोन वर्षं काय लिहायलीस मग?" त्यांनी माझा हात हातात घेतला. उघड्या दारात, दिवसाउजेडी, आयुष्यात पहिल्यांदाच. "उरलेल्याला एक म्हणायचं नसतं मनकर्णे. बरकत म्हणायचं."

६

संक्रांतीला मी दोन्ही हातांत नवा चुडा भरला. रथसप्तमीच्या आत तो उतरला.

आठ दिवस मास्तरांना थंडी बाधली होती आणि मग एका पहाटे छाती थांबली. डॉक्टर म्हणाले, जुनंच दुखणं, थंडीचा यात काही संबंध नाही. त्यांनी ते दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. अजूनही एखाद्या डॉक्टरला विचारावंसं वाटतं.

तेराव्याला बन्सी आला. दूध नव्हतं आणलं, कागदात गुंडाळलेली शाल आणली होती. "बाई, रागवू नका. मास्तरांची वस्तू हाये, मला अंगावर घेववत नाय." मी ती घेतली नाही. तो ओट्यावर ठेवून गेला. संध्याकाळपर्यंत ती ओट्यावरच होती. दिवे लागले तशी मी बाहेर गेले आणि तिला उराशी धरून आत आणलं. तिला त्यांच्या अंगाचा वास येत होता.

आवडा म्हणाली, "आई, जालन्याला चल, हितं काय ठिवलंय आता?" मी म्हणाले, अर्धी संख्या ठेवलीये. लेकीला वाटलं, आईचं डोकं फिरलं. पण खरंच एक संख्या अर्धी पडली होती, पाचशे एक्केचाळीसच्या भाजकापाशी. ती पुरी केली की जाऊ, असं मी ठरवलं.

७

त्याला चौदा वर्षं झाली. ती संख्या पुरी झाली, मूळ निघाली. मी पेढे आणून सरूबाईंना दिले आणि पुढची घेतली.

सुरुवातीला एक संख्या पंधरा पंधरा दिवस पुरायची. मग हात बसला. मास्तरांचे उर्दू पाढे कानात इतके मुरले होते की मीही 'नौ अठ्ठे बहत्तर' म्हणू लागले. भागायचं मीच, शेष सांगायचा मीच, लिहायचं मीच, आणि "लिहिलं" असंही मीच म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही. गल्लीत आता घरोघर नळ आले, नहरीचं पाणी आटत चाललं, भिंत बोलायची बंद झाली. केस पांढरे झाले ते आरशात दिसलेच. शाल विटली. मी सगळं बघत होते आणि मोजत होते. खरं सांगायचं तर भीती कधीच संपली होती. पुढं पुढं तर मी घाई करू लागले.

सोमवारी मी एक कोटी एकोणतीस हजार आठशे एकोणनव्वदच्या पल्याड गेले. त्या संख्येला चारशे सत्तेचाळीस भाजक पुरे पडले नाहीत. मी नवी चिठ्ठी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर लिहिलं, ३१६७. हात असा कापायला लागला की आकडा जेमतेम उमटला. शेष काढायचा होता. पण पेन्सिल टेकवली आणि समोरून आवाज आला.

"हात कामून कापायला तुझा? थंडी वाजायली का?"

मी मान वर केली नाही. केली आणि समोर काहीच नसलं तर? चटईच्या काठावर उजव्या पायाचा अंगठा तेवढा मला दिसत होता. तो हलत होता.

"थंडी नाय," मी म्हणाले. "आनंद झालाय."

ते त्यांच्या संख्येचा पुढचा भाजक सांगू लागले, मी लिहू लागले. किती वेळ, ते ठाऊक नाही. उन्हं उतरली तेव्हा चटई रिकामी होती. मी चिठ्ठ्या मोजल्या. बरकतपासून चारशे सत्तेचाळीस. ३१६७ची चिठ्ठी आणि मास्तरांनी सांगितलेल्या चिठ्ठ्या त्यांच्यात नव्हत्या, आणि घरात कुठंही नव्हत्या.

आज बुधवार. दोन वाजता मी शाल पांघरली आणि पाटावर बसले. कुठली दुपार येणार हे मला माहीत होतं. अंगठा हलायला लागला.

"तीनशे अकरा," मास्तर म्हणाले. "शेष चाळीस."

"लिहिलं."

बाहेर अंगणात घागर ठेवल्याचा आवाज मघाशीच आला होता. आता दाराशी काचेच्या बांगड्या वाजल्या, हातभर बांगड्या. माझी पेन्सिल थांबली. मान वर करून तिला बघावं असं फार वाटलं. एकदा सांगावं, की अगं, शाल देऊ नको, मार्गशीर्षाची थंडी आहे. पण तिनं माझा चेहरा पाहिला असता तर ती तिथंच कोसळली असती. आणि तिला अजून महिनाभर त्यांच्या समोर बसायचं होतं. तेवढा महिना मी तिच्या हातून कसा काढून घेऊ?

मी मान खाली घालून बसले. अनवाणी पावलं हौदाकडं पळाली. पुढचा भाजक तिनं ऐकला नाही.

अंगठा थांबला.

"तीनशे तेरा," मास्तर म्हणाले. "शेष बरकत."

"लिहिलं," मी म्हणाले.